जावयाचा देश

माधव नगर, उज्जैन
२० ऑगस्ट २०२५

चि. सौ. विजया हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईने, म्हणजे पल्लवीने, तिच्या कॉलेजातल्या प्रिंटरवर मोठ्या अक्षरांत छापून आणलं. फोनवर मला आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी इकडून ओरडतो, तू मॉरिशसहून ओरडतेस, आणि शेजारचे यादवजी भिंतीवरून डोकावून विचारतात की भाईसाहब, घरी सगळं ठीक आहे ना. तेव्हा हेच बरं. मी कागदावर लिहीन, पल्लवी फोटो काढून तुला पाठवील.

परवा महाकालची शाही सवारी झाली. दिवसभर रस्ते बंद होते. सिंहस्थाला अजून अडीच-तीन वर्षं आहेत, पण शहर आत्तापासून खणून ठेवलंय. गेल्या आठवड्यात नानाखेड्याहून घरी येताना रिक्षावाल्याने मला अर्ध्या उज्जैनचं दर्शन घडवलं. सकाळचं फिरणं मी सोडून दिलं. गुडघे म्हणतात, बस हो गया.

काल इथल्या मराठी मंडळाचे सचिव प्रभाकर आले होते. नोव्हेंबरातल्या व्याख्यानमालेचं शेवटचं व्याख्यान मी द्यावं असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला बोलवायचं तर हार आधीच आणून ठेवा, कशासाठी लागेल ते वेळेवर ठरवू. ते हसले नाहीत. तुमच्यानंतर तास-दीड तास कागद न बघता बोलणारं इथे कोणी उरलं नाही, असं म्हणाले. खुशामत आहे हे कळत असूनही मी हो म्हटलं. खोड जात नाही.

विषय माझा जुनाच आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लहान देशांनी जगाशी कसं वागायचं ठरवलं, आणि ते बरोबर होतं का. आत्ताच का, ते तुला कळेल. मे महिन्यात तुमच्या सरकारने ब्रिटनशी करार केला. चागोस बेटं मॉरिशसची, पण तिथल्या सर्वांत मोठ्या बेटावरचा इंग्रज-अमेरिकनांचा लष्करी तळ आणखी नव्व्याण्णव वर्षं तसाच. १९८३ साली मी मंडळाच्या याच व्यासपीठावरून म्हणालो होतो की बेटं गेली ती नुसत्या मागण्याने पुरती परत येणार नाहीत. तेच झालं. माझं खरं ठरलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पेपर घडी करून ठेवला आणि चष्मा काढून बसून राहिलो.

एक काम आहे. तुमच्या परराष्ट्र खात्यात सुरुवातीच्या वर्षांत निर्णय कसे होत, हे पुस्तकांत सापडत नाही. तुझ्या घरी ते माहीत असलेलं माणूस आहे. जमल्यास विचारून कळव.

मुलांना आशीर्वाद, घरच्यांना यथायोग्य. माया जशी आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा

*

व्हाक्वा, मॉरिशस
२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपला दीड दिवसांचा गणपती समुद्रावर नेऊन पोचवला. इथली मराठी मुलं आरत्या तोंडपाठ म्हणतात आणि लगेच आपापसांत इथल्या क्रिओल बोलीत भांडतात. पन्नास वर्षं बघतेय, अजून गंमत वाटते.

आता तुझ्या कामाचं. घरात ‘माहीत असलेलं माणूस’ आहे, त्याला नाव आहे. माधव. माझ्याशी लग्न होण्याआधी दोन वर्षं ते तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होते आणि परदेशातून आलेला सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणून तूच त्यांना घरी जेवायला आणलं होतंस. बेचाळीस वर्षं तू पत्रांत ‘घरच्यांना यथायोग्य’ लिहितोस. मी रागावले नाही. आता रागावतेय.

तू विसरला नाहीस, पण विसरल्यासारखं करतोस, म्हणून लिहिते. १९८३ साली आम्ही मुलांना घेऊन उज्जैनला आलो. मंडळाने तुझं व्याख्यान ठेवलं आणि उज्जैनचे जावई म्हणून ह्यांचा सत्कार. आईने बाजारची शाल नको म्हणून भैरवगढच्या छिप्याकडून, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्याकडून, लाल छापाची चादर मुद्दाम करवून घेतली होती. ती ह्यांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. मग तू उभा राहिलास. ज्या देशाने स्वातंत्र्याआधी आपलं अंगण दुसऱ्याला देऊन टाकलं त्याला परराष्ट्रधोरण नसतं, फक्त मालक असतात, असं म्हणालास. तेवढ्यावर थांबला नाहीस. त्या सरकारचे अधिकारी समोर बसलेत, त्यांनी उठून सांगावं की बेटांवरून हाकललेल्या माणसांचं काय झालं, असं ह्यांच्याकडे बोट दाखवून विचारलंस. टाळ्या पडल्या. हे उठले, चादर घडी करून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि बाहेर गेले. त्यानंतर ते उज्जैनला आले नाहीत. आई गेली तेव्हासुद्धा मी एकटीच आले.

दादा, त्यांची मूत्रपिंडं गेली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिस. हृदयही दमलंय. डॉक्टर महिने सांगत नाहीत, नुसते मान हलवतात. तुझी माहिती मी विचारून देणार नाही. तू त्यांना पत्र लिही, तुझ्या हाताने, आणि त्यात माफी माग. ते असेपर्यंत. मला दुसरं काही नको.

गुडघ्यांना तिळाचं तेल लाव. रागावले तरी तुझीच आहे, एवढं धरून चालावं.

तुझी,
विजया

*

उज्जैन
१८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. विजया हीस,
अनेक आशीर्वाद.

माधवच्या प्रकृतीचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पल्लवीला वाटलं, व्याख्यानाचं टेन्शन आलं. तिला म्हटलं, व्याख्यानाचं टेन्शन ऐकणाऱ्यांना येतं.

पण माफी कशाची मागू, विजू? मी खोटं बोललो का? १९६५ साली इंग्रजांनी बेटं तोडून घेतली, त्याला तुमच्या पुढाऱ्यांनी मान डोलावली, आणि बदल्यात तीन वर्षांनी झेंडा मिळाला. पुढच्या पाच-सहा वर्षांत लष्करी तळासाठी दीड-दोन हजार माणसं त्यांच्या घरांतून उचलून बोटींत घातली. हे कोणी नाकारत नाही. लहान होतो, नाइलाज होता, हे कारण मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि चाळीस वर्षं मला ते पटत नाही. लंकासुद्धा लहानच होती. १९५२ साली तिच्याकडे खायला तांदूळ नव्हता. तिने रबर चीनला दिलं आणि तांदूळ घेतला. अमेरिकेने मदत अडवली, तरी करार मोडला नाही. माल्टा तर नकाशावर बोटाखाली झाकला जातो. त्याने पंधरा वर्षं घासाघीस केली आणि १९७९ साली इंग्रजांचा तळ उठवला. बोट्सवानाच्या जवळजवळ चारही बाजूंना गोऱ्यांची राज्यं होती, येणारं-जाणारं सगळं सामान त्यांच्याच रेल्वेतून. तरी त्याने वर्णभेदी सरकारशी वकिलातींची देवाणघेवाण केली नाही आणि पळून आलेल्यांना थारा दिला. लहान देशाकडे तोफा नसतात. त्याच्याकडे नकार असतो. तोसुद्धा देऊन टाकला तर मग उरतं काय, हे मी वर्गात पस्तीस वर्षं विचारलं, सभेत विचारलं, आणि जावयासमोर विचारलं म्हणून तो प्रश्न चुकीचा होत नाही.

बघ, लिहिताना दम लागला. पूर्वी एवढं बोलून मी नुसता सुरू झालेला असायचो.

पुढचं लिहायला नको वाटतंय, तरी लिहितो. तुझं पत्र वाचून मी मंडळाच्या कचेरीत गेलो आणि १९८३ सालच्या अहवालाची वही काढायला लावली. त्यात लिहिलंय की व्याख्यान अत्यंत ओजस्वी झाले, श्रोत्यांनी वारंवार टाळ्या वाजवल्या, आणि सत्कारमूर्ती जावईबापू प्रकृतीच्या कारणाने मध्येच गेले. त्याखाली, चादर व श्रीफळ मंडळाच्या कपाटात जमा. मला संताप आला. प्रकृतीच्या कारणाने! प्रभाकरांना म्हटलं, असं धडधडीत खोटं कोणी लिहिलं होतं? त्यांनी वही माझ्याकडे वळवली. अक्षर माझं होतं. त्या वर्षी मी सहचिटणीस होतो.

मला हे आठवतसुद्धा नव्हतं. व्यासपीठावरून दुसऱ्या देशाच्या खोटेपणावर बोललो आणि घरी येऊन हे लिहिलं.

तरी माफीचं पत्र जमत नाही. दोनदा कागद घेतला. दर वेळी ‘परंतु’ लिहिला गेला आणि फाडला. मला थोडा वेळ दे. म्हाताऱ्याचा हट्ट समजून सांभाळून घे.

तुझा,
दादा

*

व्हाक्वा
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वेळ माझ्याकडे मागू नकोस, माझ्या हातात नाही. गेल्या गुरुवारी मशीनवर असतानाच ह्यांचा रक्तदाब इतका खाली गेला की नर्सने मला बाहेर काढलं. अर्ध्या तासाने आत घेतलं तेव्हा हे डोळे उघडून म्हणाले की विजया, चहा झाला का. चहा! मी तिथेच रडले आणि तिथेच हसले.

एक गोष्ट सांगते. ह्यांनी मला सांगितली त्याला वीस वर्षं झाली. ती कोणाला सांगू नकोस असं म्हणाले नव्हते, पण सांग असंही म्हणाले नव्हते.

शिक्षण संपवून हे १९७२ साली उज्जैनहून परतले आणि सरकारी नोकरीत लागले. पुढच्या वर्षी बेटांवरची शेवटची माणसं घेऊन एक बोट पोर्ट लुईच्या धक्क्याला लागली. ती माणसं उतरेनात. आम्हाला इथे घर नाही, कुठे उतरू, परत न्या, असं म्हणत बायका-मुलं डेकवर बसून राहिली. त्यांना समजवायला जी चार-पाच माणसं पाठवली त्यांत हे होते. वय चोवीस. गोड बोलतो, क्रिओल चांगलं आहे, म्हणून निवडलेले. घरं तयार आहेत, चला, असं सांगायचं ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी ती घरं पाहिली नव्हती. एका बाईने ह्यांना विचारलं की तू पाहिलीस का. हे हो म्हणाले. मग माणसं उतरली. ती घरं कसली होती ते ह्यांनी नंतर जाऊन पाहिलं. राहण्यासारखी नव्हती.

दहा वर्षांनी तू भरसभेत ह्यांना विचारलंस की त्या माणसांचं काय झालं. आता कळलं ना, ते का उठले?

आणि अजून ऐक. डायलिसिसच्या वॉर्डात लिझेट नावाची बाई आहे. नर्सच्या हाताखाली काम करते, साठीची आहे, ह्यांना पाव आणते, उशी सरळ करते. तिने सहज सांगितलं की ती त्याच बोटीतून आली होती, नऊ वर्षांची असताना. त्या दिवसापासून हे तिच्याकडे नीट बघत नाहीत. ती हात लावायला आली की डोळे मिटतात. तिला वाटतं, म्हाताऱ्याला दुखतंय. ती अजूनच हळू हात लावते.

ह्यांना तिची माफी मागायची आहे आणि जमत नाही. तुला ह्यांची मागायची आहे आणि जमत नाही. मी दोघांच्या मध्ये बसून भाजी निवडतेय. कंटाळले रे.

एवढ्यावरही उत्तर आलं तर तुझी बहीण सुखी होईल.

विजया

*

उज्जैन
१४ ऑक्टोबर २०२५

श्री. माधवराव यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र पाचव्यांदा लिहितोय. या वेळी फाडणार नाही.

१९८३ सालच्या त्या संध्याकाळबद्दल मी तुमची माफी मागतो. मी जे म्हणालो त्यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं, आणि ते तुमच्यापासून लपवणं म्हणजे पुन्हा खोटं. पण तुमच्याकडे बोट दाखवून विचारलं ते सत्यासाठी नव्हतं. आदल्या दिवशी आईने बजावलं होतं की जावई समोर असताना त्यांच्या देशाचा विषय काढू नकोस. मला दाखवायचं होतं की तत्त्वापुढे मी घरच्यांनाही जुमानत नाही. सभागृह भरलेलं होतं. टाळी कुठे येईल ते मला ठाऊक होतं.

आणि मला हेही ठाऊक होतं की तुम्ही उत्तर देणार नाही. सासरच्या गावात, सासूने दिलेली चादर खांद्यावर असताना जावई आवाज चढवत नाही. सरकारी नोकर परदेशात आपल्या सरकारवर बोलत नाही. दोन्हीकडून तोंड बांधलेला माणूस मी वादासाठी निवडला आणि जिंकलो. मोठी राष्ट्रं लहानांना असंच बोलावतात, सत्कार करतात, समोर बसवतात आणि मग प्रश्न विचारतात. त्यांच्यावर मी आयुष्यभर व्याख्यानं दिली.

बोटीचं विजयाने मला कळवलं. तिच्यावर रागावू नका. ते वाचल्यावर कोणत्या तोंडाने बोलू? नोव्हेंबरच्या व्याख्यानात मी तुमच्या देशाचा उल्लेख करणार नाही. दुसरे देश पुष्कळ आहेत.

प्रकृतीस जपा. माझ्यावर लोभ ठेवा असं लिहिण्याचा हक्क मला नाही, म्हणून ती ओळ रिकामी सोडतो.

आपला,
गोपाळकृष्ण

*

व्हाक्वा
२७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

माझा हात थरथरतो म्हणून मी सांगतोय आणि विजया लिहितेय. मधेच वाक्य फार चांगलं वाटलं तर ते तिचं समजा.

तुमचं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं. मी ते घेतलं. माफी दिली वगैरे मोठे शब्द मला जमत नाहीत, पण घेतलं, आणि उशाशी ठेवलं आहे. चादर मी रागाने परत केली नव्हती. तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा मला त्या बाईचा चेहरा दिसला, जिला मी हो म्हणालो होतो. आईंनी एवढ्या हौसेने केलेली वस्तू अंगावर ठेवून तिथे बसवेना. एवढंच. उज्जैनला पुन्हा आलो नाही, कारण तिथे तो प्रश्न होता. आईंच्या वेळी तरी यायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं.

पण सर, तुम्ही लिहिलंय की आमच्या देशाचा उल्लेख करणार नाही. ही तुमची दुसरी चूक. पहिल्या वेळी जावई समोर होता म्हणून जास्त बोललात, आता जावई आजारी आहे म्हणून कमी बोलणार. दोन्ही वेळा आमचा देश जावईच राहिला. त्याला देश म्हणून वागवा. दोष द्या.

फक्त दोष देताना आमच्या कचेरीच्या टेबलावर काय काय होतं तेसुद्धा दाखवा. आम्ही ऊस पिकवत होतो आणि भात खात होतो. साखर इंग्रज घेत, तांदूळ बोटीने बाहेरून येई. वर्णभेदाच्या विरुद्ध आम्ही भाषणं करायचो आणि त्याच देशातले प्रवासी आमच्या हॉटेलांत उतरायचे. रशियाच्या मासेमारी बोटींना बंदरात जागा दिली, अमेरिकेचा तळ शेजारी होताच, आणि दिल्लीकडेही बघायचं. सगळ्यांशी गोड. तेव्हाचं आमचं धोरण मी एका ओळीत सांगू शकतो: तांदळाची बोट चुकू नये. तुम्ही लंकेचं उदाहरण देता असं विजया म्हणाली. लंकेकडे चीनला हवं असलेलं रबर होतं. आमच्याकडे जगाला हवी असलेली एकच वस्तू होती, ती बेटं, आणि ती झेंडा येण्याआधीच गेली होती. मी हे सुटका म्हणून सांगत नाही. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणून बघायला तरी हवं होतं. बघितलं नाही, कारण घाई होती, आणि ती माणसं आमच्यातली नव्हती असं आम्हाला वाटत होतं. हे शेवटचं कोणत्याही फायलीत सापडणार नाही. जिथे हे ठरलं त्या खोलीतल्या माणसांच्या हाताखाली मी काम केलं, म्हणून सांगतो.

आणि बोटीवरच्या त्या चोवीस वर्षांच्या पोराचंही सांगा. नाव नको. तो खोटं बोलला हे सांगा. एकदा तरी कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं. माझ्याच्याने होत नाही. लिझेट दर वेळी दंडाला हात लावून विचारते की त्रास होतोय का, आणि मी नाही म्हणतो.

व्याख्यानाचं रेकॉर्डिंग पाठवा. चार तास छताकडे बघून फार कंटाळा येतो.

तुमची ती रिकामी ओळ मी भरली आहे असं समजा.

आपला विद्यार्थी,
माधव

*

उज्जैन
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विजया व श्री. माधवराव यांस,
आशीर्वाद आणि नमस्कार, आपापला वाटून घ्यावा.

परवा रविवारी व्याख्यान झालं. सभागृहात तीनशे खुर्च्या आणि माणसं एकेचाळीस. त्यांत सात-आठ जण नंतरच्या पोह्यांसाठी. पूर्वी मी रिकाम्या खुर्च्या बघून पेटायचो. या वेळी बरं वाटलं. मी बसून बोललो, पाऊण तास, माईक तोंडाजवळ धरून. बोलण्याच्या भरात एकदाही उभा राहिलो नाही, याची नोंद घ्यावी.

लंका, माल्टा, बोट्सवाना सांगितलं. मग मॉरिशस. माधवराव, तुम्ही सांगितलेलं टेबल मांडलं. साखर, तांदूळ, रशियाच्या बोटी. आणि मग दोष दिला, तुम्ही म्हणालात तसा, काही शिल्लक न ठेवता. लहान देशाला मोठ्यांनी लुटलं हे खरं. पण लुटणाऱ्याला काय द्यायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा त्या लहान देशाने आपल्याहून लहान असलेल्यांना पुढे केलं, हेही खरं. आपल्यालाही यात शहाणपणा मिरवायचं कारण नाही, असं म्हणालो. आपण मोठा देश आहोत आणि आपल्या शेजारच्या लहान देशांना विचारलं तर ते आपल्याबद्दल काय सांगतील, ते घरी जाऊन विचार करून बघा. इथे दोन जण उठून गेले. जाऊ दिलं.

बोटीवरच्या तरुणाचं सांगितलं. घरं पाहिली का असं एका बाईने विचारलं, आणि तो हो म्हणाला. त्यानंतर मला काही सुचेना, म्हणून जरा थांबलो. रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसता पंख्याचा आवाज येतो, पल्लवी म्हणाली. मग १९८३ सालचं माझं सांगितलं. समोर ज्याला बोलता येणार नव्हतं त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि अहवालात खोटं लिहिलं. टाळ्या कुठेच पडल्या नाहीत. प्रभाकर चेहरा पाडून आभार मानायला उठले. नंतर बाजूला घेऊन म्हणाले की सर, घरातल्या गोष्टी व्यासपीठावर कशाला आणायच्या. मी म्हटलं, बेचाळीस वर्षांपूर्वी आणलीच होती, आज नीट परत नेली.

जुन्या वहीतल्या ओळीखाली मी आजच्या तारखेने खरं काय झालं ते लिहून सही केली आहे. सचिवांची परवानगी घेतली नाही.

पल्लवीने रेकॉर्डिंग पाठवलंय. फार थकलोय, विजू. हे थकणं वाईट नाही. औषधं वेळेवर घ्या दोघं, आणि आठवण आली की एक ओळ पाठवा.

दादा

*

व्हाक्वा
३० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
दोघांचा सा. न. वि. वि.

शनिवारी, बावीस तारखेला, ह्यांनी मशीनवर असताना तुझं व्याख्यान लावलं. कानात घालायची यंत्रं ह्यांना आवडत नाहीत, म्हणून उघड्यावरच. तुझा आवाज वॉर्डात घुमायला लागला. शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ म्हणाले की कोण भांडतंय. लिझेट आली. हा कोण, असं तिने विचारलं. माझे शिक्षक, माझ्या बायकोचे भाऊ, असं हे म्हणाले. चागोसचं नाव तिला ऐकू आलं होतं. ती म्हणाली की काय सांगतोय ते मलाही सांगा.

तेव्हा हे थोडं थोडं थांबवून तिला क्रिओलमध्ये सांगायला लागले. तांदूळ, साखर, रशियाच्या बोटी. ती मान हलवत होती. आपल्याहून लहान असलेल्यांना पुढे केलं, हे ह्यांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तुझ्या शिक्षकाला अक्कल आहे. मग व्याख्यानात तो बोटीवरचा तरुण आला. तू म्हणालास, तो हो म्हणाला. आणि तू थांबलास.

ह्यांनी फोन बंद केला. मी उशाशी होते. मला वाटलं, दम लागला. पण हे लिझेटकडे सरळ बघत होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हे म्हणाले की तो मी. एवढेच शब्द. मग पुन्हा म्हणाले, तो मी होतो आणि मी घरं पाहिली नव्हती, मला माफ कर.

तिने मशीनवरचे आकडे बघितले, कागदावर उतरवले, वेळ संपल्यावर नळ्या काढायला नर्सला मदत केली, पट्टी घट्ट बांधली आणि गेली. मंगळवारी ती आलीच नाही. दुसऱ्याच बाईने उशी दिली. हे चार तास दाराकडे बघत होते. घरी आल्यावर जेवले नाहीत. मी तुला मनात फार शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

गुरुवारी ती आली. नेहमीसारखी पावाची पिशवी नव्हती. खुर्ची ओढून ह्यांच्या पलंगाशी बसली. ती बोटीवरचं सांगायला लागली. आपल्या आईने बोटीत एक कोंबडी लपवून आणली होती, उतरताना ती सुटून धक्क्यावर पळाली आणि सगळी मुलं तिच्यामागे धावली, म्हणून आपल्याला उतरल्याचं आठवतच नाही, फक्त कोंबडी आठवते. ते घर मात्र आठवतं, म्हणाली. त्या घराबद्दल तिने अर्धा तास सांगितलं, आणि ह्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत. माफ केलं का, ते ती बोलली नाही. ह्यांनीही विचारलं नाही.

मग म्हणाली की त्या दिवशी तुझ्या शिक्षकाचं बोलणं अर्धं राहिलं होतं. ह्यांनी फोन काढून बघितलं. अजून अकरा मिनिटं होती. तिने खुर्ची आणखी जवळ घेतली आणि म्हणाली, लाव.

आम्हा तिघांवर तुझी माया असू दे.

तुझी,
विजया